गाडीची जीभ

पूर्वी दारात बैलजोडी असली म्हणजे ते घर भरल्यासारखे वाटे. आता गोठ्याच्या शेजारी मोटरसायकलही उभी असते. पांढरकवड्याच्या बाजाराला गेलात तर पाहा. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांगच रांग. कोणी ढेपेचे पोते बांधले आहे. कोणी मागे बायकोला आणि पुढे लेकराला बसवले आहे. गाडी आता चैनीची वस्तू राहिली नाही. ती कामाची वस्तू झाली आहे.

पण एक गोष्ट आहे. बैल आजारी पडला तर आपल्याला समजते. आपण त्याचे तोंड उघडून जीभ पाहतो. शेण पाहतो. कान गरम आहे का, हात लावून बघतो. गाडी आजारी पडली की मात्र आपण गडबडून जातो. किक मारत बसतो, नाहीतर नशिबाला दोष देतो.

मंडळी, गाडीलाही जीभ असते. ती बाहेर काढून पाहता येते. तिचा रंग पाहिला म्हणजे पोटात काय बिघडले आहे ते बरेचसे कळते. ही जीभ म्हणजे गाडीचा प्लग. तो कसा पाहावा आणि घरच्या घरी कसा बदलावा, हे आज आपण शिकू.

एका रात्रीची गोष्ट

टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातले एक भाऊ आमच्या ओळखीचे आहेत. कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी त्यांच्या लहान मुलीला फणफणून ताप चढला. भाऊंनी गाडी काढली. मुलीला घेऊन त्यांची बायको मागे बसली आणि ते पांढरकवड्याला निघाले.

अर्ध्या वाटेत गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. अंधार पडत होता. टिपेश्वर म्हणजे वाघाचे रान. भाऊंनी किक मारली, पुन्हा मारली. गाडी फटफट करी आणि गप्प होई. मुलगी आईच्या खांद्यावर कण्हत होती.

त्यांचे नशीब चांगले. मागून कापसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने त्यांना दवाखान्यात पोचवले. मुलीला वेळेवर औषध मिळाले आणि ती बरी झाली.

दोन दिवसांनी भाऊ आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, किक मारू मारू पाय दुखून आला, पण गाडी काही सुरू झाली नाही. पेट्रोल तं होतं. मंग झालं तरी काय?"

आम्ही म्हटले, "चला भाऊ, तिची जीभ पाहू."

अंगणात गाडी उभी केली आणि प्लग काढला. तो काजळीने काळाकुट्ट झाला होता. भाऊ म्हणाले, "हा तं मी मागल्याच महिन्यात नवीन टाकला!"

"कोणता टाकला? नंबर पाहून घेतला होता का?"

"मले काय मालूम? दुकानात गेलो, म्हटलं प्लग द्या. त्यानं देल्ला तो घेतला."

गाडीची पुस्तिका घरात होती. लग्नपत्रिका, पावत्या यांच्याबरोबर ती एका पिशवीत खुंटीला टांगलेली होती. आम्ही ती काढली. पुस्तिकेत एक नंबर छापला होता. प्लगवर दुसराच नंबर होता. ताप मुलीला आला आणि खोळंबा गाडीने केला, पण चूक त्या नंबरात होती.

प्लग काय काम करतो?

चूल पेटवायला तीन गोष्टी लागतात. जळण पाहिजे, हवा पाहिजे आणि काडी पाहिजे. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल हे जळण. हवा बाहेरून गाळणीतून येते. काडी ओढण्याचे काम प्लग करतो.

इंजिनात एक नळा असतो. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. त्याला पिस्टन म्हणतात. आपल्या मोटरसायकलीत हे काम चार पावलांत होते. पहिल्या पावलात दट्ट्या खाली येतो आणि हवा-पेट्रोल आत ओढले जाते. दुसऱ्या पावलात दट्ट्या वर जातो आणि ते दाबले जाते. त्याच वेळी प्लग ठिणगी टाकतो. तिसऱ्या पावलात पेट्रोल भडकते आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलते. गाडीला जोर मिळतो तो इथेच. चौथ्या पावलात दट्ट्या वर येऊन धूर बाहेर घालवतो.

चार पावलांत इंजिनाचे दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते. इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल, तर मिनिटाला २००० वेळा ते पेटले पाहिजे. एवढ्या वेळा काडी ओढायची आणि एकदाही चुकायचे नाही, असे हे काम आहे.

प्लगच्या टोकाशी धातूची दोन टोके समोरासमोर असतात. मध्ये जरा फट असते. ठिणगी त्या फटीवरून उडी मारते. हवेतून उडी मारायला विजेला मोठा जोर लागतो. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. प्लगला येणारा दाब दहा हजार व्होल्टच्याही वर जातो. वीज दुसरीकडे पळू नये म्हणून प्लगच्या अंगावर चिनीमातीसारखे पांढरे आवरण असते. ते तडकले की वीज भलतीकडे जाते आणि ठिणगी पडत नाही.

डिझेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला असा प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. म्हणून ही माहिती पेट्रोलच्या इंजिनासाठी आहे, हे ध्यानात ठेवा.

उच्च दाबाच्या विजेवर चालणारा प्लग जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली तयार झाला. तो बनवणाऱ्या इंजिनियराचे नाव गोट्लोब होनोल्ड. आपल्या देशात १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. लोक तिला मायको म्हणत. जुन्या मिस्त्री लोकांच्या तोंडी अजूनही मायकोचा प्लग हे नाव आहे. २००८ साली त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

बदलायची वेळ कशी ओळखावी?

सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. चालता चालता आचके देते. चढावर दम टाकते. पेट्रोल जास्त खाते. ही प्लग खराब झाल्याची लक्षणे आहेत. ती दुसऱ्या कारणानेही दिसू शकतात. पण प्लग पाहणे हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे. म्हणून पहिल्याने प्लग पाहावा.

प्लग बंद पडेपर्यंत वाट पाहू नये. पुष्कळ मोटरसायकलींचा प्लग दहा-बारा हजार किलोमीटर चालल्यावर बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो.

नंबर जुळवा

दुकानात जाताना जुना प्लग आणि पुस्तिका दोन्ही बरोबर न्या. "माझ्या गाडीचा प्लग द्या" एवढे म्हणून थांबू नका. नंबर जुळवा.

प्लगचा नंबर पांढऱ्या अंगावर छापलेला असतो. त्यात इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात. आमचे भाऊ म्हणाले, "गुरुजी, मी आत्ता कुठं मराठी शिकलो. हे इंग्रजी अक्षरं मले कसे येतीन?"

आम्ही म्हटले, "भाऊ, वाचू नका, जुळवा. पाटीवर अक्षर गिरवताना तुम्ही आधी त्याचा आकारच पाहिला ना? पुस्तिकेतला पहिला आकार पाहा. प्लगवरचा पहिला आकार पाहा. मग दुसरा, मग तिसरा. एकही आकार वेगळा निघाला तर तो प्लग आपला नव्हे."

एका अक्षराने इतके काय बिघडते? पुष्कळ बिघडते. त्या अक्षरांत प्लगची जाडी, आट्यांची लांबी आणि त्याची गरमी लिहिलेली असते. आटे लांब असले तर आतला दट्ट्या प्लगवर आपटू शकतो आणि इंजिन मोडते. आटे आखूड असले तर ठिणगी नीट जागी पडत नाही.

गरमीची गोष्ट जरा समजून घ्या. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश तापले म्हणजे त्याच्यावरची काजळी जळून जाते आणि तो स्वतःला साफ ठेवतो. पाणी १०० अंशांना उकळते, त्यावरून अंदाज करा. काही प्लग आपली गरमी लवकर बाहेर टाकतात. त्यांना थंड प्लग म्हणतात. काही गरमी धरून ठेवतात. ते गरम प्लग. जोराने पळणाऱ्या इंजिनाला थंड प्लग लागतो. भाऊंच्या हळू चालणाऱ्या लहान गाडीला कोणीतरी थंड प्लग दिला होता. तो कधी पुरेसा तापलाच नाही. काजळी साचत गेली आणि एके रात्री ठिणगी बंद पडली. उलट फार गरम प्लग बसवला तर टोक वितळते आणि दट्ट्याही जळू शकतो.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळ्या रीतीने चालतो. एका कंपनीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर दुसऱ्या कंपनीत मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या प्लगवर शोधू नये. पुस्तिकेत कंपनीचे नाव आणि नंबर दिलेला असतो. तो जसाच्या तसा घ्यावा.

प्लग कसा काढावा?

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. गाडीबरोबर मिळालेला प्लग पाना, स्वच्छ फडके, जुना दात घासायचा ब्रश आणि नवा प्लग. पाना प्लगच्या मापाचाच पाहिजे. सैल पान्याने प्लगची कडा झिजते आणि पांढरे अंग तडकते.

पहिली गोष्ट, इंजिन थंड होऊ द्या. गाडी बाहेरून आली की लगेच हात घालू नका. हात भाजेल, आणि तापलेल्या इंजिनाचे आटेही खराब होतील. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते. तो धातू मऊ आहे. प्लग पोलादाचा आहे. दोघांच्या भांडणात मऊ धातूच हरतो.

दुसरी गोष्ट, गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर लावा. किल्ली बंद करा. जवळ बिडी-काडी, चूल, दिवा नको. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती पेट घेते.

तिसरी गोष्ट, प्लगच्या भोवतीची धूळ ब्रशने झाडा. सायकलचा पंप असेल तर हवा मारा. आपल्याकडे धूळ फार. प्लग निघाल्यावर ती भोकातून आत पडली, तर नळ्याला आतून चरे पाडते.

चौथी गोष्ट, प्लगवरची रबरी टोपी धरून जरा फिरवा आणि ओढा. तार धरून ओढू नका. तार आतून तुटते आणि बाहेरून समजत नाही.

पाचवी गोष्ट, पाना सरळ बसवा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा. पहिला झटका जरा जोराचा लागतो. मग प्लग हाताने सुटत येतो. अगदीच अडला तर हातोडी मारू नका, पान्याला नळी लावून जोर करू नका. आट्यांशी तेलाचे दोन थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. तरी सुटला नाही तर मिस्त्रीकडे जा. आटे मोडल्यावर होणारा खर्च दहा प्लगांच्या किमतीहून जास्त असतो.

प्लग निघाला की भोकावर स्वच्छ फडके ठेवा.

जीभ पाहा

आता प्लग उजेडात धरा आणि टोकाचा रंग पाहा.

रंग फिका तपकिरी, चहात भरपूर दूध घातल्यासारखा असेल तर इंजिनाची तब्येत चांगली आहे.

कोरडी काळी काजळी असेल तर जळण जास्त आणि हवा कमी पडते आहे. हवेची गाळणी धुळीने चोंदली असेल. ती आधी साफ करा किंवा बदला. गाळणी चांगली असेल तर प्लगचा नंबर तपासा.

काळे आणि तेलकट ओले असेल तर इंजिनातले तेल वर चढते आहे. हे काम मिस्त्रीचे. नुसता प्लग बदलून भागणार नाही.

पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल आत येते, पण पेटत नाही. प्लग, टोपी किंवा तार यांत दोष असेल.

पांढरे पडून टोक भाजल्यासारखे, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन फार तापते आहे. प्लग चुकीचा आहे का पाहा, आणि गाडी मिस्त्रीला दाखवा.

काही मंडळी प्लग चुलीत तापवतात आणि पुन्हा लावतात. काही पॉलिश पेपरने घासतात. हे बरे नाही. पेपरचे कण आत अडकतात आणि मग इंजिनात पडतात. लोखंडी ब्रशाने घासले तर पांढऱ्या अंगावर धातूचे ओरखडे राहतात आणि वीज त्यावरून निसटते. साध्या प्लगची किंमत एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे. त्याच्यासाठी इंजिन धोक्यात कशाला घालावे?

प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून ठिणगी पाहण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी आहे. ती घरी करू नका. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने भडका उडू शकतो. हाताला जोराचा धक्काही बसतो. एप्रिल २०२० पासून विकलेल्या भारत-६ नियमाच्या गाड्यांत बारीक विजेचे यंत्रही असते. अशा परीक्षेने ते बिघडण्याची भीती आहे.

नवा प्लग कसा बसवावा?

आधी फट पाहा. बहुतेक मोटरसायकलींत ती अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आणि एक मिलिमीटरहून कमी असते. तुमच्या गाडीचे नेमके माप पुस्तिकेत आहे. ते मोजायला पातळ पट्ट्यांचे एक साधन मिळते. त्याला फीलर गेज म्हणतात. ते नसेल तर दुकानदाराकडून किंवा मिस्त्रीकडून फट मोजून घ्या. प्लग हातातून खाली पडला तर तो वापरण्याआधी नीट पाहा. बारीक तडा डोळ्यांना चटकन दिसत नाही.

आता प्लग बोटांनी भोकात लावा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. पाना अजून घेऊ नका. प्लग सरळ गेला तर सहज फिरत जातो. पहिल्या फेऱ्यालाच अडकला तर तो तिरका लागला आहे. बाहेर काढा आणि पुन्हा लावा. बोटांना जे समजते ते पान्याला समजत नाही.

प्लगचे वायसर बसले की बोटे थांबतात. आता पाना घ्या. नवा प्लग असेल तर आणखी साधारण अर्धा फेरा आवळा. म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून सहावर यावा तेवढा. तोच जुना प्लग परत लावत असाल तर त्याचे वायसर आधीच चेपलेले असते. मग काटा बारावरून एक-दीडवर यावा एवढेच पुरे. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचे ऐका. ताकद दाखवायची ही जागा नव्हे. ढिला प्लग तापतो आणि फार आवळलेला प्लग आटे खातो.

शेवटी टोपी दाबून घट्ट बसवा. मग किल्ली लावा आणि गाडी सुरू करा.

दोन प्लगच्या गाड्या आणि फवारणीचा पंप

काही गाड्यांच्या एकाच नळ्याला दोन प्लग असतात. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सर गाडीत असे दोन प्लग दिले. दोन्हीकडून पेट्रोल पेटले म्हणजे ते लवकर आणि नीट जळते. अशा गाडीचे दोन्ही प्लग एकदमच बदलावे. एक जरी कामचुकार राहिला तरी गाडी सुरू होते, पण तिचा दम कमी होतो आणि दोष लवकर सापडत नाही.

जगात याहून नवलाची इंजिनेही झाली आहेत. जर्मनीतील फेलिक्स वान्केल यांनी असे इंजिन काढले की त्यात दट्ट्या वर-खाली होत नाही. एक तिकोनी तुकडा गोल फिरतो. जपानच्या माझ्दा कंपनीने १९६७ साली तसे इंजिन बसवून कॉस्मो नावाची मोटार विकायला काढली. तिथेही दर तिकोनी तुकड्यामागे दोन प्लग होते. त्याच कंपनीच्या पुढच्या आरएक्स-८ मोटारीत तर ते दोन प्लग वेगळ्या जातीचे असतात. एकाची जागा दुसऱ्याला देऊन चालत नाही. गाव असो की परदेश, नियम एकच. ज्या जागेचा प्लग त्याच जागी.

पाठीवरच्या पेट्रोलच्या फवारणी पंपालाही प्लग असतो. पुष्कळ पंपांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. तेल जास्त पडले की प्लग काळा होतो आणि ऐन फवारणीत पंप बंद पडतो. म्हणून तेल मापानेच घाला. पंपाचा प्लग काढण्याआधी पंपावरचे औषध धुऊन टाका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

भाऊंची गाडी

त्या दिवशी भाऊंनी पांढरकवड्याला जाऊन प्लग आणला. दुकानात त्यांनी पुस्तिका उघडली आणि एक एक आकार बोटाने जुळवला. दुकानदाराने पहिला दिलेला प्लग त्यांनी परत केला. म्हणाले, "हा माहा नाही. याचा शेवटचा अक्षर वेगळा आहे." दुकानदाराने नंबर पाहिला आणि दुसरा प्लग काढून दिला.

घरी येऊन त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. आम्ही नुसते उभे राहिलो. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. त्यांची मुलगी ओट्यावर बसून हे पाहत होती. ती टाळ्या वाजवू लागली.

आता भाऊंच्या गाडीच्या पेटीत एक जादा प्लग आणि पाना नेहमी असतो. पुस्तिका खुंटीवरून उतरून फळीवर आली आहे. ती आता वाचायची वस्तू झाली आहे.

तुमच्याही घरी कुठेतरी अशी पुस्तिका असेल. आज ती शोधा. तिच्यातला प्लगचा नंबर पाहा आणि आपल्या वहीत एकदा गिरवून ठेवा. कधी कोणाला रात्री दवाखान्यात न्यावे लागेल, हे सांगून येत नाही.